कमी बजेटच्या चित्रपटात युनिटचा आणि प्रवासाचा खर्च कसा भागवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा तयार आहे, कॅमेऱ्याची सोय झाली आहे, कलाकारांनी होकार दिला आहे. अडले आहे ते माणसांच्या आणि गाड्यांच्या खर्चापाशी. पहिला किंवा दुसरा चित्रपट करणारे बहुतेक निर्माते-दिग्दर्शक याच टप्प्यावर पुढचे प्रश्न विचारतात. उत्तरांमागे एकच धोरण आहे: काटकसर माणसांच्या संख्येत, शूटच्या दिवसांत आणि अंतरांत करायची. जे सोबत येतील त्यांचे जेवण, झोप आणि ठरलेले पैसे यांना हात लावायचा नाही.

एकूण बजेटपैकी युनिटवर आणि प्रवासावर किती टक्के ठेवावेत?

टक्क्यांपासून सुरुवात करू नका. एका घरात घडणारी गोष्ट आणि पाच गावांतून फिरणारी गोष्ट यांचे बजेट सारखे असले, तरी त्यांची टक्केवारी कधीच जुळणार नाही. हिशोब खालून वर न्यायचा असतो. आधी पटकथेचे ब्रेकडाऊन (कोणत्या दृश्याला कोण आणि काय लागेल याची यादी), त्यावरून शेड्यूल, शेड्यूलवरून कोणता माणूस नेमके किती दिवस लागतो याचा तक्ता, आणि सर्वांत शेवटी त्या तक्त्यासमोर पैसे.

या क्रमाने आलेला आकडा बहुतेक वेळा हातातल्या रकमेपेक्षा मोठा असतो. मग दर घासण्याचा मोह होतो. जेवणाचे थोडे कमी धरू, इंधनाचे थोडे कमी धरू, असे करत कागद जुळवला जातो. शूटवर मात्र जेवण आणि इंधन तेवढेच लागते. आकडा खाली आणायचा असेल तर शेड्यूलमधून दिवस काढा किंवा पटकथेतून लोकेशन काढा. तिथली बचत खरी असते.

टक्केवारी एका जागी मात्र उपयोगी पडते, ती म्हणजे राखीव निधी. एकूण खर्चाच्या १० टक्के रक्कम अडीअडचणीसाठी बाजूला ठेवण्याची पद्धत चित्रपट व्यवसायात जुनी आहे, आणि बजेट लहान असेल तर ती अधिकच पाळावी, कारण मोठ्या निर्मितीला एक वाया गेलेला दिवस सोसतो, तुम्हाला सोसणार नाही. त्याचबरोबर संकलन, ध्वनी आणि कलर ग्रेडिंगचे पैसे शूट सुरू होण्याआधी वेगळ्या खात्यात टाका. ते खाते शूटच्या काळात उघडायचे नाही. चित्रीकरण पूर्ण झाले पण पुढे पैसेच उरले नाहीत म्हणून अनेक चित्रपट हार्ड डिस्कमध्ये पडून राहतात.

प्रवासाचा खर्च म्हणजे तिकिटे आणि इंधन एवढेच ना?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. बाहेरगावी नेलेल्या प्रत्येक माणसामागे गाडीतली जागा, झोपायची जागा, दिवसभराचे खाणे-पिणे, जाण्यायेण्याच्या दिवसांचे मानधन आणि त्याच्या सामानाची वाहतूक असे पाच खर्च येतात. त्यातला तिकिटाचा खर्च दिसतो, बाकीचे नंतर समोर येतात.

एक हिशोब मांडून पाहू. १८ जणांचे युनिट आहे, ५ दिवसांचे आउटडोअर (बाहेरगावचे शूट) आहे, जायला एक दिवस आणि परत यायला एक दिवस. म्हणजे १८ गुणिले ७, एकूण १२६ माणूस-दिवस. त्यातले ९० शूटचे आणि ३६ नुसत्या प्रवासाचे. मुक्काम ६ रात्रींचा, म्हणून १०८ माणूस-रात्री. दोघांत एक खोली धरली तर ९ खोल्या ६ रात्रींसाठी, म्हणजे ५४ खोल्यांचे भाडे. शूटच्या दिवशी नाश्ता आणि दोन जेवणे धरली तर फक्त त्या ५ दिवसांचीच २७० ताटे होतात.

आता दोन पर्याय तपासा. युनिट १४ जणांवर आणले तर २८ माणूस-दिवस आणि १२ खोल्यांचे भाडे वाचते. युनिट तेवढेच ठेवून शूटचा एक दिवस कमी केला तर १८ माणूस-दिवस आणि ९ खोल्यांचे भाडे वाचते, पण त्यासोबत कॅमेरा, लाइट, जनरेटर, गाड्या आणि लोकेशन यांचेही एका दिवसाचे भाडे वाचते. सामान भाड्याचे असेल तर दिवस कमी करणे बहुधा जास्त फायद्याचे ठरते. सामान स्वतःचे किंवा मागून आणलेले असेल तर माणसे कमी करणे. हा तक्ता स्वतःच्या आकड्यांनी एकदा भरून पाहा. कुठे कापायचे याचे वाद तिथेच मिटतात.

युनिटमध्ये कमीत कमी किती माणसे लागतात?

टोकाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकी दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझ याने 'एल मारियाची' (१९९२) सुमारे ७,००० डॉलरमध्ये चित्रित केला. दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन हे सगळे त्याने स्वतः केले आणि ज्या कलाकारांचा शॉट नसे ते सेटवर मदतीला असत. हे उदाहरण देताना दोन गोष्टी सांगायच्या राहतात. एक, तो आधीपासून एकट्याने लघुपट करत आलेला होता आणि हातात काय आहे ते पाहूनच त्याने पटकथा लिहिली होती. दुसरी, पुढे स्टुडिओने तो चित्रपटगृहांत आणताना त्यावर मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसे घातले.

तुमच्या चित्रपटासाठी विभागानुसार विचार करा. कॅमेऱ्यावर छायालेखक आणि एक सहायक, ज्याने फोकसही सांभाळायचा आणि फुटेजचा बॅकअपही घ्यायचा. लाइटला दोन माणसे. ध्वनीला एक. कला आणि वेशभूषा कथेनुसार एकाच माणसाकडे देता येते. रंगभूषेला एक. निर्मितीच्या बाजूला एक अनुभवी माणूस आणि एक धावपळ करणारा. दिग्दर्शक आणि पहिला असिस्टंट डायरेक्टर (सेटवर वेळ आणि शेड्यूल सांभाळणारा) धरले की १० ते १२ माणसांत साधी, आजच्या काळातली गोष्ट नीट चित्रित होते.

काही पदे मात्र काढू नयेत, कितीही ओढाताण असली तरी. साउंड रेकॉर्डिस्ट काढला तर त्याचे वाचलेले पैसे डबिंगमध्ये जातात आणि अभिनयातला जिवंतपणाही जातो. पहिला असिस्टंट डायरेक्टर काढला तर घड्याळाकडे कोणाचेच लक्ष राहत नाही, आणि दिवस वाढण्याचा खर्च त्याच्या मानधनापेक्षा कितीतरी जास्त असतो. तिसरे पद निर्मिती व्यवस्थापकाचे. दिग्दर्शक स्वतःच गाड्यांच्या चालकांचे फोन घेऊ लागला की दृश्याकडे कोण पाहणार?

गाडीच्या आसनांचा विचार इथेच करा. दोन गाड्यांत १४ जण बसत असतील तर पंधरावा माणूस तिसरी गाडी, तिसरा चालक आणि त्या चालकाची खोली घेऊन येतो. म्हणून संख्या ठरवताना गाडीची क्षमता ही एक पायरी धरावी.

पटकथेतच खर्च कमी करता येतो का?

सर्वांत जास्त तिथेच कमी होतो, आणि तो एकमेव टप्पा आहे जिथे कपातीला एक पैसाही लागत नाही.

युनिट एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाते तेव्हा सामान आवरणे, भरणे, प्रवास, उतरवणे आणि पुन्हा लावणे यात जवळचे अंतर असले तरी दोन-तीन तास सहज जातात. म्हणजे दिवसात एकदा जागा बदलली की १२ तासांतले पाव काम गेले. दोन ओळींच्या दृश्यासाठी वेगळे लोकेशन लिहिले असेल तर लेखकासोबत बसून विचारा: हेच बोलणे आपण ज्या घरात चार दिवस शूट करणार आहोत त्याच्या गच्चीवर, जिन्यात किंवा मागच्या दारी होईल का? बहुतेक वेळा होते, आणि पुष्कळदा दृश्य सुधारतेही, कारण पात्रे सवयीच्या जागेत वावरतात.

रेकीला, म्हणजे शूटआधी जागा पाहायला, जाताना याच नजरेने जा. एक चांगले घर आणि त्याच्या पायी अंतरावरची दुकान, गल्ली, शाळेचे मैदान अशी तीन-चार ठिकाणे मिळाली तर ते घर थोडे कमी देखणे असले तरी घ्या. युनिटचा तळ एकदा लागला की तो हलवायचा नाही. पावसाचा किंवा बंद पडलेल्या रस्त्याचा दिवस वाया जाऊ नये म्हणून त्याच आवारात घडणारे एखादे आतले दृश्य नेहमी हाताशी ठेवा आणि त्यातल्या कलाकारांना त्या दिवशी उपलब्ध ठेवा.

रात्रीची बाह्य दृश्येही मोजा. रात्र म्हणजे जास्त लाइट, जनरेटर, जास्त माणसे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद राहणारे शूट.

सलग शूट करावे की सुट्टीच्या दिवशी तुकड्या-तुकड्याने?

क्रिस्टोफर नोलनचा पहिला चित्रपट 'फॉलोइंग' (१९९८) साधारण वर्षभर शनिवारी शनिवारी चित्रित झाला, कारण सगळेजण आठवडाभर नोकरी करत होते. कॅमेऱ्यात घालायची फिल्म महाग होती, म्हणून तालमी भरपूर करून एक-दोन टेकमध्ये काम उरकले जाई. ही पद्धत तेव्हा चालते जेव्हा सगळे एकाच शहरात राहतात, लोकेशन जवळची आहेत आणि कोणालाही मुक्कामाला न्यायचे नाही. खर्चाचा भार महिन्यांवर पसरतो, हा तिचा मोठा फायदा. केस, दाढी, ऋतू आणि लोकांचा उत्साह यांची सलगता राखणे हे तिचे अवघड अंग आहे.

प्रवास असेल तर सलग शूटच करा. प्रत्येक फेरीत प्रवासाचे दोन दिवस नव्याने पडतात. शिवाय कॅमेरा आणि लाइट भाड्याने देणारे आठवड्याचा दर बहुधा सुट्या सात दिवसांच्या बेरजेपेक्षा बराच कमी लावतात. मधला मार्गही आहे. मुक्कामाची दृश्ये एका सलग शेड्यूलमध्ये संपवायची आणि घरच्या शहरातली दृश्ये सुट्टीच्या दिवशी.

माणसे इथून न्यावीत की शूटच्या गावातलीच घ्यावीत?

विभागप्रमुख सोबत न्या, हात तिथले घ्या. छायालेखक आणि ध्वनीचा माणूस यांच्याशी दिग्दर्शकाचे जुळलेले असणे महत्त्वाचे असते. लाइट उचलणारे, वाहने चालवणारे, स्वयंपाक करणारे, कपडे धुणारे आणि निर्मितीतली धावपळ करणारे तिथलेच असावेत. ते रात्री स्वतःच्या घरी झोपतात, रस्ते जाणतात, आणि ऐनवेळी शिडी कुठे मिळेल हे त्यांनाच ठाऊक असते. शूटच्या आधी त्यांच्यासोबत एक दिवस तयारीचा ठेवा आणि त्याचे पैसे द्या. स्थानिक आहेत म्हणून कमी पैसे, हा विचार करू नये. एकाच कामाला दोन दर आहेत हे दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्यांना कळलेले असते.

लहान भूमिकांनाही हेच लागू. एका दृश्यासाठी येणाऱ्या कलाकाराला दुसऱ्या शहरातून आणणे म्हणजे दोन प्रवास, एक-दोन मुक्काम आणि उशिराची जोखीम.

'पैसे चित्रपट विकला गेल्यावर देऊ' असे सांगितले तर चालते का?

चालते, पण ते वाक्य जसेच्या तसे कधीही वापरू नका. 'विकला गेल्यावर' म्हणजे करार झाल्यावर की पैसे खात्यात आल्यावर? पहिल्या रकमेतून की गुंतवणूकदारांचे फिटल्यावर? समजा विक्रीतून १०० आले. त्यातून वितरकाचे कमिशन ३० आणि त्याने केलेला प्रसिद्धीखर्च २० गेला, तर निर्मात्याकडे ५० येतात. गुंतवणूकदारांनी ६० घातले असतील आणि आधी त्यांचे फेडायचे ठरले असेल, तर युनिटच्या हाती काहीच पडत नाही, आणि कराराच्या भाषेत कोणीही कोणाला फसवलेले नसते.

म्हणून स्थगित, म्हणजे नंतर द्यायच्या, मानधनाचा करार करताना चार गोष्टी लिहून काढा: नेमकी रक्कम, ती कोणत्या पैशातून मिळणार, रांगेत तिचा क्रमांक कितवा, आणि हिशोब किती महिन्यांनी दाखवला जाणार. युनिटची थकलेली रक्कम गुंतवणूकदारांच्या परताव्यासोबत त्याच प्रमाणात फिटावी, असा आग्रह निर्मात्यानेच धरावा असे माझे मत आहे. एकाने पैसा घातला आहे, दुसऱ्याने श्रम घातले आहेत. नफ्यातला वाटा द्यायचा असेल तर 'निव्वळ नफा' हा शब्द व्याख्येशिवाय सोडू नका. त्यातून काय काय वजा होणार याची यादी जोडा.

एक तडजोड चांगली काम देते. सर्वांना सारखा दिवसाचा दर, मग तो दिग्दर्शक असो वा लाइटमन, लहान असला तरी रोजचा रोज किंवा आठवड्याच्या शेवटी हातात. आणि नेहमीच्या दराशी असलेला फरक लेखी स्थगित. आणखी एक गोष्ट: बहुतेक देशांत किमान वेतनाचे कायदे आहेत, आणि ज्याचे कामाचे तास व जागा तुम्ही ठरवता त्याला ते लागू होऊ शकतात. कोणी स्वखुशीने सही केली म्हणून कायदा बाजूला होत नाही. करार छापण्याआधी वकिलाला एकदा दाखवा.

मित्र फुकट काम करायला तयार आहेत. त्यांच्यासाठी काहीच खर्च धरायचा नाही का?

धरायचा. येण्याजाण्याचे भाडे, जेवण, विमा आणि श्रेयनामावलीत ठरलेले नाव, एवढे प्रत्येकाला मिळाले पाहिजे. फुकट काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशातून तिकीट काढावे अशी वेळ येऊ देऊ नका. तीन-चार दिवसांपुरतीच ही मदत मागा. मित्रालाही भाडे भरायचे असते, आणि पैसे देणारे काम आले की तो जाणार, जायलाच हवा. ज्या पदावर माणूस बदलला तर शूट थांबते, ते पद फुकटच्या मदतीवर उभे करू नये.

लोक स्वतःच्या गाडीने येणार असतील तर काय द्यायचे?

किलोमीटरमागे ठरलेला दर द्या, नुसते इंधन नाही. टायर, तेल, झीज आणि घसारा हे गाडीच्या मालकालाच सोसावे लागतात. अनेक देशांत सरकार किंवा करखाते कामासाठी वापरलेल्या खासगी गाडीचा किलोमीटर-दर जाहीर करते, तो आधाराला घ्या. टोल आणि पार्किंग वेगळे. निघताना आणि पोचल्यावर मीटरचा फोटो काढून पाठवायचा एवढाच नियम ठेवला तर हिशोबात कुरबूर होत नाही.

खासगी गाडीचा विमा व्यावसायिक सामानाच्या किंवा माणसांच्या वाहतुकीला पुष्कळदा लागू नसतो, हे आधी तपासा. लाइटने भरलेली गाडी ठोकली तर मित्राचे नुकसान कोण भरणार, हे त्या दिवशी ठरवता येत नाही.

रोजचा भत्ता द्यावा की बिले घेऊन परतफेड करावी?

दोन्हींची जागा वेगळी आहे. जेवणाची व्यवस्था निर्मितीकडे असेल तेव्हा फक्त न पुरवलेल्या जेवणापुरता भत्ता द्यायचा, उदाहरणार्थ सुट्टीच्या दिवशी किंवा प्रवासात. भत्ता ठरलेल्या रकमेचा, सर्वांना सारखा, आणि आठवड्याच्या सुरुवातीला रोख. त्यातून कोणी वाचवले तर ते त्याचे. इंधन, टोल, अचानक घ्यावी लागलेली वस्तू यांसाठी बिलावर परतफेड.

परतफेड ४८ तासांत करा. लहान वाटणाऱ्या या रकमा ज्याच्या खिशातून गेल्या आहेत त्याला लहान नसतात, आणि सर्वांत कमी कमावणारा स्पॉटवरचा मुलगाच बहुधा सर्वांत जास्त वेळा खिशात हात घालतो. त्यापेक्षा प्रत्येक विभागाला किरकोळ खर्चासाठी थोडी रोकड (पेटी कॅश) आगाऊ द्या, पाकिटावर रक्कम लिहा, आणि रोज पॅकअपनंतर (दिवसाचे शूट संपल्यावर) पाकिटात बिले अधिक उरलेली रोकड मूळ रकमेइतकी भरते का ते पाहा. रोज पाहिले तर दहा मिनिटांचे काम आहे.

राहण्याचा खर्च कसा आटोक्यात ठेवावा?

पूर्ण घर किंवा छोटे वसतिगृह सगळेच्या सगळे घेतले तर हॉटेलपेक्षा स्वस्त पडते, स्वयंपाकघर मिळते आणि सामान रात्री कुलुपात राहते. घेण्याआधी पलंग मोजा, खोल्या मोजू नका, आणि स्नानगृहे तर नक्की मोजा. पहाटे ५ला निघणाऱ्या १५ माणसांना दोन स्नानगृहे असतील तर कॉलटाइम (सेटवर हजर राहायची वेळ) रोज सरकणार.

खोली दोघांत चालते, पलंग दोघांत चालत नाही. कोण कोणासोबत राहणार हे विचारून ठरवा, विशेषतः स्त्रियांना. त्यांच्या खोलीला आतून नीट कडी असणे ही पहिली अट. रात्रीचे शूट असेल तर दिवसा शांतता आणि जाड पडदे असलेली जागा बघा. लोकेशनपासून २० मिनिटांवरची महाग जागा आणि दीड तासावरची स्वस्त जागा यांत निवड असेल, तर रोजचे तीन तास प्रवास, इंधन आणि कमी झालेली झोप मांडून पाहा. जवळची जागा बऱ्याचदा स्वस्त ठरते.

दिवस कमी करण्यासाठी रोज १६ तास काम केले तर?

करू नका. १९९७ मध्ये हॉलिवूडच्या एका चित्रपटाचा सहायक कॅमेरामन १९ तासांचा दिवस संपवून घरी जाताना गाडी चालवताना झोपी गेला आणि अपघातात मरण पावला. त्यानंतर कामाच्या तासांवर मर्यादा घालण्याची मागणी तिथल्या युनिटांतून जोरात पुढे आली. सलग १७ तास जागलेल्या माणसाची हातांची आणि नजरेची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले होते. बऱ्याच देशांत वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा तेवढीच आहे.

जेवणासह १२ तासांचा दिवस आणि पॅकअपपासून पुढच्या कॉलटाइमपर्यंत किमान १० तास, ११ जमले तर उत्तम, हे शेड्यूल करतानाच पक्के करा. यात येण्याजाण्याचा वेळ धरा. दूरच्या लोकेशनवर १२ तासांचा दिवस खरे तर १५ तासांचा होतो. कामाच्या सुरुवातीपासून ६ तासांच्या आत बसून जेवण झाले पाहिजे.

दिवसभर काम केलेल्या माणसाला रात्री गाडी चालवायला लावू नका. फक्त गाडी चालवणारा चालक हा खर्च वाचवण्यासारखा नाही. शेवटच्या दिवशी पॅकअप करून रात्रीच परत निघण्याचा बेत टाळा. त्या एका रात्रीच्या मुक्कामाचे पैसे पहिल्या मसुद्यापासून बजेटमध्ये ठेवा.

विमानाने जायचे असल्यास सामानाचे काय?

बॅटऱ्यांपासून सुरुवात करा. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेत, टोके झाकून न्याव्या लागतात. साधारण नियम असा की १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्या चालतात, १०० ते १६० पर्यंतच्या सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या परवानगीने माणशी दोन, आणि त्यावरच्या प्रवाशासोबत चालत नाहीत. कॅमेऱ्याच्या अनेक बॅटऱ्या ९८ वॉट-तासांच्या असतात त्या याचसाठी. आकडा छापलेला नसेल तर व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणा. बॅटऱ्या सगळ्यांच्या हँडबॅगांत वाटून द्या आणि कंपनीचा नियम छापून सोबत ठेवा.

दुसऱ्या देशात जात असाल तर एटीए कार्नेट काढता येतो का पाहा. व्यावसायिक सामान तात्पुरते नेऊन परत आणण्यासाठीचे हे सीमाशुल्क-कागदपत्र सदस्य देशांत वर्षभरापर्यंत चालते आणि आयातशुल्क भरावे लागत नाही. त्यात प्रत्येक वस्तू अनुक्रमांकासह लिहावी लागते आणि जे लिहिले ते सगळे परत आणावे लागते. संपून जाणाऱ्या वस्तू त्यात बसत नाहीत. हमीपोटी रक्कम अडकते, ती रोकडीच्या हिशोबात धरा. जड लाइट आणि स्टँड तिकडेच भाड्याने घेणे बहुधा जास्त सोयीचे.

विमा खरोखर लागतो का?

लागतो. सामानाचा, तिऱ्हाइताच्या नुकसानीचा आणि युनिटच्या अपघाताचा, हे तीन तरी. सामान भाड्याने देणारे आणि लोकेशनचे मालक तो मागतातच. सामानाच्या विम्यात 'बंद गाडीतून चोरी' वगळलेली आहे का, ते कलम वाचा.

हे सगळे धरून पैसे कमी पडतात. ते आणायचे कुठून?

लोकवर्गणीचा मार्ग २००९ मध्ये किकस्टार्टर ही वेबसाइट सुरू झाल्यापासून रुळला आहे. तिथे ठरवलेले लक्ष्य पूर्ण झाले तरच पैसे मिळतात, त्यातून ५ टक्के शुल्क आणि शिवाय पैसे हस्तांतराचे शुल्क जाते. देणगीदारांना पाठवायच्या भेटवस्तूंचा आणि टपालाचा खर्च आधी वजा करा. युनिटच्या खर्चासाठी हा मार्ग विशेष योग्य आहे, कारण 'या रकमेत आमच्या ध्वनिमुद्रकाचा एक दिवस' असे सांगितले की देणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला ते कळते.

वस्तुरूप मदत मागताना नेमके मागा. 'मदत करा' ऐवजी 'या तारखांना सहा खोल्या' किंवा 'दोन दिवस एक सामानाची गाडी'. त्या व्यावसायिकाला काय मिळणार, नाव कुठे येणार, तेही पत्रात लिहा. भाड्याच्या सामानासाठी आठवड्याच्या मधल्या, कमी मागणीच्या तारखा दिल्या तर दर उतरतो.

अनेक देश आणि प्रांत आपल्याकडे चित्रीकरण करणाऱ्यांना खर्चाचा काही भाग परत देतात. अर्ज जरूर करा, पण खर्चाची किमान मर्यादा लहान चित्रपटाला झेपते का ते आधी पाहा. हा पैसा शूट संपून, हिशोब तपासून झाल्यावर हाती येतो. खोल्यांचे भाडे तुम्हाला आजच भरायचे आहे. म्हणून येणाऱ्या आणि जाणाऱ्या पैशाच्या तारखांचा आठवडावार तक्ता करा. बजेट पुरेसे असूनही तिसऱ्या आठवड्यात रोकड नसल्याने शूट थांबू शकते. स्वतःचे घर गहाण ठेवून किंवा चढ्या व्याजाच्या क्रेडिट कार्डावर युनिटचा पगार करू नका.

शूटच्या मध्यात खर्च हाताबाहेर जातोय असे दिसले तर?

रोज रात्री तीन आकडे पाहत असाल तर ते मध्याच्या आधीच दिसेल: आज पटकथेची किती पाने ठरली होती आणि किती झाली, आज किती खर्च धरला होता आणि किती झाला, किती तास जास्त लागले. दोन दिवस सलग मागे पडलात तर त्याच संध्याकाळी दिग्दर्शक, छायालेखक आणि असिस्टंट डायरेक्टर यांनी बसून पुढची दृश्ये कमी करावीत किंवा जोडावीत. कोणती दृश्ये गेली तरी गोष्ट उभी राहते याची यादी शूटच्या आधी, डोके शांत असताना केलेली असावी.

राखीव निधी अर्ध्या शूटच्या आत अर्ध्याहून जास्त संपला असेल तर युनिटला खरी परिस्थिती सांगा. सेटवर हे लपत नाही. पैसे उशिरा मिळणार असतील तर ते देय दिवसाच्या आधी सांगायचे, नवी तारीख द्यायची आणि ती पाळायची.

पॅकअपनंतर काय काय उरते?

ठेवी परत घेणे, भाड्याचे सामान त्याच दिवशी पोचते करणे (एक रात्र उशीर म्हणजे एका दिवसाचे भाडे), लोकेशन झाडून-पुसून फोटो काढून मालकाच्या ताब्यात देणे, आणि आठवडाभरात प्रत्येकाचा शेवटचा हिशोब. गाड्या रिकाम्या परत जाणार असतील तर परतीच्या फेरीचा दर आधीच ठरवलेला असू द्या. एखादे दृश्य पुन्हा करावे लागले तर त्यासाठी दोन दिवसांचे, ५-६ माणसांचे पैसे राखीव निधीतून वेगळे ठेवा, आणि मुख्य कलाकारांचे वेश व लहानसहान वस्तू पहिला कट (संकलनाचा पहिला मसुदा) पूर्ण होईपर्यंत परत करू नका.